कोल्हारची एकच लाईन

यादवराव शेळके यांची माझी पहिली ओळख अपमानानेच झाली. ते कोल्हारचे पोस्टमास्तर. टेलिफोनचा बोर्डही तेच सांभाळीत. गावाबाहेर जाणारी लाईन एकच. पुण्याच्या संपादकांशी बोलता बोलता मी एक बरा विनोद आठवायला थांबलो, तर मधूनच आवाज आला, "बोलताय का?" तीनदा विचारून त्यांनी लाईन तोडली. तो विनोद अजून आठवलेला नाही. मराठी साहित्यावर हे त्यांचे पहिले उपकार.

मुक्याने लाईन धरून बसणे हा आमच्याकडे प्रतिष्ठितांचा छंद. सोसायटीचे चेअरमन तर नगरचा व्यापारी दुकानात येईपर्यंत रिसीव्हर टेबलावर निजवून जेवायला जात. यादवरावांनी त्यांचीही लाईन तोडली. चेअरमन तरातरा पोस्टात आले. माझी लाईन कुणी तोडली, म्हणाले.

"तुमची कवा हुती?" यादवराव म्हणाले. "गावाची हाय."

खोळंबलेली माणसे तोंड फिरवून हसली. यादवराव कुणाचा मुलाहिजा ठेवीत नाहीत, ही त्यांच्याविषयीची तक्रार आणि हेच कौतुक. म्हणूनच पुढचे लिहिताना माझी मान खाली जाते.

त्यांच्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष. दुष्काळ सुरू झालेला. पुण्याहून भावाचा फोन आल्याचे बोलावणे आले म्हणून मी पोस्टात गेलो. आई गेली, एवढेच तो म्हणाला. पुढे तोही बोलेना, मीही बोलेना. नुसती खरखर. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना. बोर्डावर यादवरावांना सगळे ऐकू येत होते. "बोलताय का?" त्यांनी एकदा विचारले, पुन्हा विचारलेच नाही.

बाहेर किसन तांबे ताटकळत होता. चारा नाही म्हणून त्याचा भाऊ बैलजोडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेलेला, आणि इकडे सासरवाडीहून कडब्याची गाडी आलेली. बैल विकू नको, एवढा निरोप तिथल्या ओळखीच्या दुकानात द्यायचा होता. त्याने दोनदा विनवले. बोलणे चालू आहे, असे यादवरावांनी दोन्ही वेळा सांगितले. मी बाहेर आल्यावर किसनची लाईन लागली, तेव्हा बैल नुकतेच विकले गेले होते.

किसनने तक्रार केली. करायलाच हवी होती. चौकशीला साहेब आले. मी सांगायला उठलो, तर यादवरावांनी मला हाताने खाली बसवले.

"चूक माझीच," ते म्हणाले. "पन लाईन रिकामी न्हवती, साहेब. मानूस गप हुता."

का गप, असे साहेबांनी विचारले तेव्हा यादवरावांना कारण सांगावेच लागले. ताकीद तरीही मिळाली. माझी आई गेल्याचे दारातल्या किसनला तेव्हा कळले.

"सांगायचं हुतं की, मास्तर," तो म्हणाला. "आमी काय बैल हाय का?"

 

किसनच्या दावणीला आता दुसरी जोडी आहे. त्या दावणीवरून जाताना मी रस्त्याची पलीकडची बाजू धरतो. यादवरावांकडे मात्र नेमाने जातो. चहा होतो, आभार ओठांशी येऊन थांबतात, मी गप्प बसतो, आणि ते "बोलताय का?" असे विचारीत नाहीत.

साठीत पदार्पण करणाऱ्या यादवरावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मला बोलायला अजून बराच वेळ लागणार आहे.