आम्ही मंडळाचं नाव बदललं

मला त्या बाईचा राग आजही येतो. चूक माझी होती हे कळल्यावर तो कमी व्हायला हवा होता. उलट वाढला.

आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आलो तेव्हा मी पस्तिशीची होते. गिरगावातली चाळ सोडून आलेलो. भाईंदरची महापालिका होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि आमच्या आजूबाजूला रोज एक नवी इमारत वर येत होती. रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा बायका सोसायटीच्या आवारात थ्रोबॉल खेळायचो. हा खेळ व्हॉलीबॉलसारखाच, फक्त चेंडू मारायचा नाही. दोन्ही हातांनी झेलायचा आणि लगेच पलीकडे फेकायचा. आमच्यात मराठी, गुजराती, मारवाडी सगळ्या होत्या. दोनदा गाड्यांच्या काचा फुटल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने नोटीस लावली: आवारात चेंडू दिसता कामा नये.

मैदान शोधता शोधता आम्ही पश्चिमेला मुर्धा गावात पोचलो. तिथे गावातल्या बायकांचं थ्रोबॉलचं मंडळ होतं, आमच्यापेक्षा पुष्कळ जुनं. मंडळाच्या नावात गावाचं नाव. जुन्या मिठागराच्या बांधाला लागून गावकीची मोकळी जागा होती, तिथे त्यांनी स्वतः दगड वेचून, माती ठोकून कोर्ट केलेलं. पण पोरी लग्न होऊन गेल्या होत्या आणि टीम पुरी होताना मारामार व्हायची. त्यांना खेळाडू हवे होते, आम्हाला जागा. दोन्ही एक करायचं ठरायला एक सकाळ पुरली.

त्यांची प्रमुख पन्नाशीची होती. बालवाडीत शिकवायची. तिची सर्व्हिस अशी यायची की झेलताना तळहात झोंबायचे. मी तिला ताई म्हणायचे, अहोजाहो करायचे. ती मला पहिल्या दिवसापासून "बाय" म्हणायची आणि एकेरीत बोलायची. त्यांच्याकडे ती रीत होती हे मला कळत होतं. तरी खटकायचं. मी फोर्टच्या ऑफिसात तीस माणसांवर सुपरवायझर होते.

"बाय, पाय उचल. उभी काय रातेस खांबासारखी?" ती सगळ्यांसमोर म्हणायची.

पहिली स्पर्धा आम्ही त्यांच्याच नावाने खेळलो, कारण फॉर्म त्यांच्याकडे होते. अंधेरीला एका शाळेच्या मैदानात. माइकवरून गावाचं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही सात जणी रांगेत चाललो. प्रेक्षकांत माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण होती. जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "अगं, तू गावात राहायला गेलीस? मला वाटलं फ्लॅट घेतलायस." ती हसली, मीही हसले. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. आम्ही इंद्रलोकच्या, आणि कपाळावर मुर्ध्याचं नाव.

पुढच्या रविवारी मी विषय काढला. म्हटलं, आता दोन्ही मंडळं एक झालीत, तर नावही दोघांचं असावं. नवीन असावं.

"कनाला?" ती म्हणाली.

"कारण आम्ही मुर्ध्याच्या नाही."

"खेलता कुठं? मुर्ध्यातच ना?"

"हो, पण नावावरून लोकांना काय वाटतं..."

"लोकांना काय वाटते ते लोकांना इचार. आमचं नाव हाय ते ऱ्हाईल."

माझी गुजराती शेजारीण मध्ये पडली. "देखो ताई, गाँव का नाम रहेगा तो स्पॉन्सर नहीं मिलेगा." ताईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "बाय, तुला सांगते. ही जागा गावकीनं मुर्ध्याच्या बायांना दिलेली हाय. नाव गेलं त जागा जाईल."

ती धमकी आहे असं मला वाटलं. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं.

"धमकी न्हाय. हाय ते सांगतंय."

"जागेच्या जोरावर तुम्ही आम्हाला वाकवताय," मी म्हणाले. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोललो. ती मला बाहेर बसवू लागली. दर सामन्यात तिची सून खेळायची आणि मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. मी पण गप्प नव्हते. इंद्रलोकमधल्या बायकांना घरी बोलावून चहा पाजत होते आणि ती किती हेकट आहे हे सांगत होते. नवं नाव माझ्याच हॉलमध्ये ठरलं. त्यात 'युनिटी' असा शब्द होता. आम्हाला तो फार आवडला.

मग मी मतदान मागितलं. आमच्या चौदा जणी, त्यांच्या नऊ. आमच्या चौदांपैकी तिघींनी चेंडू हातातही धरला नव्हता. त्यांची नावं मी त्याच आठवड्यात सभासदांच्या वहीत लिहिली होती. ताईला ते दिसलं. तिने वही उघडली, त्या तीन नावांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या कोन?"

"सभासद आहेत."

"कवा खेलल्या?"

"खेळतील."

तिने वही मिटली. हात वर झाले. नाव बदललं. नेट तिच्या बाजूच्या बायकांनीच सोडून गुंडाळलं. जाताना ताई माझ्याजवळ थांबली. "जितलीस ना? आता सांभाल." मी म्हणाले, "सांभाळू की."

नव्या नावाचे टी-शर्ट शिवून आले. आम्ही ते घालून तीन रविवार खेळलो असू. चौथ्या रविवारी स्टेशनपासून शेअर रिक्षाने मैदानाशी उतरलो तर कोर्टावर रेतीचे ढीग होते. बाजूला सळ्या रचलेल्या. आमचे खांब उपटून बांधाकडेला टाकले होते. तिथे बसलेल्या माणसाने सांगितलं की गावकीने जागा एका कंत्राटदाराला सामान ठेवायला दिली आहे. आम्ही म्हटलं, इथे मंडळ आहे. तो म्हणाला, "मुर्ध्याच्या बायांचं मंडळ होतं. ते आता बंद झालं ना?"

मी तशीच तिच्या घरी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी चप्पल न काढता अंगणात उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, तुम्हाला हरणं सहन झालं नाही म्हणून तुम्हीच जागा घालवलीत. म्हणाले, आयुष्यभर बालवाडीतल्या पोरांवर हुकूम सोडलेत, त्याच्यापुढे तुमची अक्कल गेली नाही. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. सून दारात उभी होती.

ताईने मान वर केली नाही. सूप हलवत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता निंग. परत ह्या अंगनात येऊ नको."

मी परत गेले नाही.

वर्षभराने तिची सून मला भाईंदर पश्चिमेला भेटली. ती ब्लाऊज शिवायच्या दुकानात कामाला लागली होती. मी माप द्यायला गेले आणि टेप हातात घेऊन तीच समोर आली. दुसरी कोणी नव्हती, म्हणून मी उभी राहिले. माप घेता घेता ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुमी आमच्या आयला बोललात ते बरोबर न्हवतं. आय तीन येला गेलेली गावकीकडं. नवीन नावावर जागा द्या म्हनून. बाया त्याच हायत, नावाचं काय घेऊन बसलाव, असं बोलली. त्यांनी ऐकलं न्हाय. तिसऱ्या येला तिला बसूसुद्धा दिलं न्हाय."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुमी इचारलं का?"

मी ब्लाऊज न टाकताच निघाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जाऊन माफी माग. मी म्हटलं, मागेन. पण तिला ते सांगता आलं असतं, दोन वाक्यं बोलली असती तर मी अशी तोंडघशी पडले नसते, हा विचार डोक्यातून जाईना. तिने मला मुद्दाम चुकू दिलं असं मला वाटत राहिलं.

तोवर आमचा सराव इकडे-तिकडे चालला होता, कधी गच्चीवर, कधी शाळेच्या पटांगणात. त्या हिवाळ्यात भाईंदरलाच एक स्पर्धा झाली. तक्त्यात आमच्यासमोर मुर्ध्याचं नाव होतं, जुनं, होतं तसं. त्यांनी मंडळ पुन्हा उभं केलं होतं आणि तारोडी गावातल्या काही बायका सोबत घेतल्या होत्या. तारोडीच्या बायकांनी नावाबद्दल चकार शब्द काढला नव्हता म्हणे.

आम्ही दोन्ही सेट हरलो. तिची प्रत्येक सर्व्हिस माझ्यावर आली. पाच मी सोडल्या. शेवटचा चेंडू माझ्या छातीवर आदळून बाहेर गेला. नेटखालून हात मिळवायची वेळ आली तेव्हा तिने माझ्या आधीच्या बाईशी आणि माझ्या नंतरच्या बाईशी हात मिळवला.

मी तिच्या मागे गेले. ती नळावर बाटली भरत होती.

"ताई, सुनेने मला सांगितलं. गावकीचं."

"मंग?"

मला पुढचं वाक्य येत होतं. घरी ते मी पाठ केल्यासारखं केलं होतं. तिच्याकडे बघून ते निघेना. मी म्हणाले, "तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं."

तिने नळ बंद केला. "म्हंजे चूक परत माजीच," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावत आपल्या बायकांकडे निघून गेली.

रिक्षात शेजारणीने विचारलं, "क्या बोली वो?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. पुढल्या महिन्यात आमच्यातल्या मारवाडी बायकांना नावात त्यांच्या बिल्डिंगचं नाव हवं झालं. मी नाही म्हणाले, त्या वेगळ्या झाल्या, आणि मग टीमला लागणाऱ्या सात जणी कधी जमल्याच नाहीत.