काट्यावर आधी आपण उभं राहायचं

आमच्या थोरल्या जाऊबाई, तापीबाई, पटकन कुणावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. कापूस घ्यायला व्यापारी दारात आला की त्या गाठोडं ठेवू देत नाहीत. आधी चपला काढून स्वतःच त्याच्या काट्यावर उभ्या राहतात. आपलं वजन त्यांना पाठ असतं. काटा कमी दाखवायला लागला की विचारतात, "भाऊ, मी बारीक व्हयनू का तुन्हा काटा बिघडना?"

त्यांचा डावा डोळा तरुणपणीच कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागून गेला. यंदा उजव्यात मोतीबिंदू पिकला. तुळशीला घातलेलं पाणी वृंदावनाच्या बाहेर पडायला लागलं. सुरतच्या डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली, सकाळी सातला हजर. म्हणजे बुधवारी तिथे मुक्काम हवा. ही तारीख हुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

सगळं फोनवरून जमवायचं काम माझ्या लेकीने, मयूरीने घेतलं. रेल्वेचं तिकीट निघालं, तर बाईंनी ते कागदावर छापून आणायला लावलं आणि मला तीनदा वाचायला लावलं. "फोन बंद पडना त मी गाडीमा उभी ऱ्हासू का?"

मग दवाखान्याजवळ एक धर्मशाळा सापडली. फोटोत पांढऱ्या चादरी, मोठ्या खिडक्या. खाली लिहिलेलं, शुद्ध सात्त्विक भोजन, एकच खोली शिल्लक. मला वाटलं, देवच पावला.

"मोठी आई, निम्मे पैसे आत्ता पाठवले तरच खोली मिळेल. पंधरा मिनिटं आहेत," मयूरी म्हणाली.

"पंधरा मिनिटमा त पीठ बी मळात नही." बाईंनी फोन डोळ्याशी नेला. त्यांना नुसता पांढरा उजेड दिसत असणार. "माले काही दखात नही. फोन लाव त्यासले."

"अगं, तोवर खोली जाईल!"

"त मंग लवकर लाव."

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. गुजरात आमच्या वेशीलाच, म्हणून बाई गुजरातीत बोलल्या; पलीकडचा माणूस हिंदीत. बाईंनी भुवई उडवली. मी खुणेनेच म्हटलं, असू द्या, सुरतेत देशभरची माणसं असतात. मग बाईंनी विचारलं, बुधवारी एकादशी आहे, तुमच्याकडे जेवायला काय असतं?

"माताजी, चिंता मत करो! एकादशी को स्पेशल गरम गरम कढी-चावल!"

मी कानाला हात लावला. एकादशीला भात! आमच्या घरातलं पाच वर्षांचं पोरही असं बोलणार नाही.

"ठेव फोन," बाई म्हणाल्या.

"चुकून बोलला असेल गं तो," मयूरी रडवेली झाली.

"पोरी, जे आपले माहीत शे, ते पहिले इचारानं."

त्याचे चार फोन आले. चौथ्या वेळी माताजीची 'बुढिया' झाली, तेव्हा मयूरीने नंबर बंद केला. पण हाती दोनच दिवस उरले होते आणि खोली नव्हती. ती पुन्हा शोधत बसली. शेवटी एक जुनी धर्मशाळा मिळाली. फोटो नाही, नुसता नंबर. कुणी म्हातारा गुजरातीत खेकसला, एकादशीला आमचं स्वयंपाकघर बंद, फराळ घरून आणा, आधार कार्ड आणा, पैसे आल्यावर द्या. आणि त्यानेच फोन आपटला.

"हाऊ खरा शे," बाई खूश.

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. फोटो नसलेल्या खोलीचा काय भरवसा? मी शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि नंदुरबारपासून सुरतेपर्यंत गाडीत जप करत बसले. खोली होती. लहान, अंधारी, चादर विटकी. पण कोनाड्यात गणपती आणि पुढे तेवता दिवा. गुरुवारी सातच्या आधी आम्ही दवाखान्याच्या पायरीवर होतो. शुक्रवारी पट्टी निघाली.

आज सकाळी घरी बाईंनी आधी तुळशीला पाणी घातलं. सगळं मुळाशी गेलं. मग मयूरीला म्हणाल्या, तो पहिला फोटो दाखव. डोळ्याजवळ न नेता, हात लांब करून कितीतरी वेळ बघितला.

"इतली मोठी खोली, आन देवले कोपरा नही. डोळा ऱ्हाता त फोन बी लावना पडता नही."

मग तोच डोळा माझ्याकडे वळला. मी पदर सावरला.

"धाकली, तुन्हा केस कधी पिकनात? आन माले सांगं बी नही तू!"