हाय म्हणजे आहे

"हाय? हाय, हॅलो, गुड मॉर्निंग!" असं म्हणत सरांनी स्टेजवरून माझ्याकडं बघून हात हलवला. पोरं खो खो हसली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आमच्या बाईसुद्धा हसल्या, तोंडावर ओढणी धरून. मी उभीच. हातात माईक. तो परत कुणाला द्यायचा तेही सुचेना.

मी दहावीत होते. पनवेलच्या आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शन होतं. हे सर खारघरला एका टॉवरच्या तळमजल्यावर क्लास चालवायचे. तुला काय व्हायचंय, असं ते एकेकाला उभं करून विचारत होते. माझी पाळी आली आणि घरी बोलते तेच तोंडातून निघालं. "मना वकील व्हायाचा हाय." बस. एवढंच बोलले होते.

हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, आई काय करते. मासळी विकते, मी म्हटलं. आय पहाटेच्या टेंपोनं पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात यायची आणि त्याच टेंपोत बसून मी शाळेला.

"अरे वा, मग आवाज तर आहेच," सर म्हणाले. "पण कोर्टात असं बोललीस ना बेटा, तर जज उठून जाईल."

परत हशा. हा माणूस आमच्या भविष्याबद्दल बोलायला आला होता बरं का.

मग पडद्यावर रंगीत चित्रं आली. कायदा, डिझाइन, डेटा सायन्स, परदेशातली विद्यापीठं. पुढच्या बाकांवर खारघरच्या टॉवरांतली पोरं होती, त्यांना सांगितलं, जग तुमचं आहे. मागं आम्ही, कोळ्या-आगऱ्यांची गावाकडची. आमच्याकडं वळून म्हणाले, तुम्ही जरा प्रॅक्टिकल विचार करा. जासईला कंटेनर यार्डांच्या ऑफिसात मुली लागतात. पार्लरचा कोर्स आहे. आता पार्लरमध्ये वाईट काय? काहीच नाही. माझी चुलतबहीण पार्लर चालवते, झोकात चालवते. पण ते तिनं निवडलं. आम्हाला पडद्यावरचं काही निवडूच दिलं नाही. गावाचं नाव ऐकलं आणि आमचं ठरवून टाकलं.

वकीलच का, हे त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आमच्या खाडीत भराव पडला तेव्हा सुनावणीला सगळं गाव गेलं होतं. मीपण आयबरोबर गेले. गावानं वकील दिला होता. तो आत बराच वेळ इंग्रजीत बोलला, बाहेर आला, गाडीत बसला, गेला. आय मला म्हणाली, "काय बोलला गो त्यो?" शाळेत जाणारी मी, आणि मला सांगता येईना. जाळी टाकायची जागा गेली, हे आम्हाला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मला लाज वाटली आणि राग आला. तेव्हाच ठरवलं होतं.

आणि वर्गात माझं नाव पडलं 'हाय'. आत शिरले की सगळे हात हलवायचे. मी बोलायचंच सोडलं. आरशासमोर उभं राहून 'आहे', 'नाही', 'आम्ही', 'तुम्ही' घोकायचे. वाटायचं, खोट माझ्याच जिभेत आहे.

बारावीत तेच सर परत आले. तोच प्रश्न. मी वाक्य अगदी घासूनपुसून तयार ठेवलं होतं: मला वकील व्हायचं आहे. माझ्या आधी खारघरचा एक मुलगा उठला. "सर, ॲक्च्युअली ना, मला लॉ करायचंय, लाइक, कॉर्पोरेट लॉ, बिकॉज आय थिंक माझी पर्सनॅलिटी सूट होते." सर खूश. म्हणाले, किती कॉन्फिडंट.

मी ऐकतच राहिले. एका वाक्यात किती भाषांची खिचडी, पण त्याला कोणी हसलं नाही. म्हणजे खोट जिभेत नव्हतीच. खोट आमच्या पत्त्यात होती. आणि मी वेड्यासारखी दोन वर्षं आरशापुढं.

मी उठले. "मना वकील व्हायाचा हाय."

हात हलले. सरही हसले, त्यांना मी आठवतही नव्हते. मी खाली बसले नाही. म्हटलं, "सर, हाय म्हणजे नमस्कार नाय. हाय म्हणजे आहे. आमी हाय. तुमी नाय म्हटलं तरी हाय."

मग काय, मुख्याध्यापकांच्या ऑफिसात वरात. माफी माग म्हणाले. मी मागेना, तेव्हा बाजारातून आयला बोलावलं. ती दारात आली तशी मुख्याध्यापकांनी उठून खिडकी उघडली. आयनं ते बघितलं. मी काय बोलले ते तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग बरोबरच बोलली." माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

आज मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज खारघरलाच, त्या टॉवरच्या जवळ. मागच्या महिन्यात त्या क्लासमधून फोन आला. सरांना बॅनरवर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून माझा फोटो हवा होता. त्या क्लासात मी कधी गेलेच नव्हते. पण स्थानिक मुलगी, प्रेरणा मिळते म्हणे. मी म्हटलं, नाय. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत विचारलं. मी परत म्हटलं, नाय.

कोर्टात लागेल तेवढं इंग्रजी मी बोलेन. ते शिकलेय. पण सुनावणी झाली की बाहेर माझं गाव उभं असेल, त्यांना आत काय झालं ते शब्द न् शब्द आमच्या बोलीत सांगेन. सगळ्यांना कळेस्तोवर मी गाडीत बसणार नाय.