पोस्टीला लावलेली तीट

टेलिफोन खात्यात मी बोर्डावर बसायचे, तेव्हा अर्धं वेंगुर्लं माझ्या हातातल्या वायरींनी मुंबईशी बोलायचं. कोणाचा मुलगा फोन उचलत नाही आणि कोणाची सून सासूला फोन देत नाही, हे घरच्यांच्या आधी मला कळायचं. त्यामुळे आमच्या केंद्रासाठी माणूस शोधायची वेळ आली आणि पुण्याच्या भाचीने नोकरी-धंदेवाल्यांची ती साइट सुचवली, तेव्हा मी अजिबात दबकले नाही. एका माणसाला दुसरा माणूस जोडून द्यायचा, हेच काम मी रिटायर होईपर्यंत केलं होतं.

केंद्र म्हणजे एका जुन्या काजू कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या. ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, अशी अकरा मुलं तिथे येतात. संस्था आम्ही पाच जणांनी मिळून काढलेली. एक रिटायर हेडमास्तर, गावाचे गुरुजी, ते अध्यक्ष. कारखान्याचे मालक खजिनदार. मी सचिव. बाकीचे दोघे मान डोलवायला. मुलांना शिकवणारी स्पीच थेरपिस्ट मात्र एकच होती, आणि तिचं लग्न ठरलं. एप्रिलअखेर ती जाणार होती. पेपरात जाहिरात दिली, तर एक अर्ज येईल तर शपथ.

मुलं अकरा, पण माझा जीव एकीत अडकला होता. आरोंद्याची चार वर्षांची मुलगी. आई तिला आठवड्यातून दोनदा एसटीने घेऊन यायची. कानाला मशीन लावून वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात तिला तीन शब्द आले होते. आये, पाणी आणि बस. "या वयात खंड पडला ना काकू, तर मिळवलेलंही जातं," असं जाणाऱ्या थेरपिस्टने मला बजावून ठेवलं होतं. ते मी त्या आईला सांगितलं नव्हतं, पण तिला ते कळलेलं असावं. दर खेपेला ती एकच विचारायची, "मावशी, नवी बाई गावली?" आणि मी दर खेपेला ठासून सांगायचे, "गावतली."

साइटवर खातं उघडलं. ती विचारते, तुमची कौशल्यं सांगा. मी लिहिलं, माणसं जोडणे, भांडणं तोडणे. फोटो भाचीच्या लग्नातला लावला, पैठणीतला. बाकी सगळे कोटात, तर आपण काय कमी? मग दोन दिवस मी नुसती वाचत बसले. तिथली माणसं एकजात स्वतःची पाठ थोपटत होती. कोणाला बढती मिळाली की तो ते 'अत्यंत विनम्रपणे' कळवायचा, आणि खाली शंभर जण त्याचं अभिनंदन करायचे. म्हटलं, देश तसा वेश. मीही झकास पोस्ट लिहिली: 'कोकणातील अग्रगण्य केंद्रात, निसर्गरम्य परिसरात, सुसज्ज वास्तूत सेवेची सुवर्णसंधी!' सोबत समुद्राचा फोटो. समुद्र केंद्रातून दिसत नाही, पण फोटो माझाच होता, जेट्टीवर जाऊन काढलेला.

मग समितीच्या सगळ्यांना खाती उघडायला लावली आणि बजावलं, पोस्टीखाली दोन बरे शब्द लिहा. गुरुजींना या वयात मोबाइलवर टाइप करता येतं याचं मला फार कौतुक होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. त्यांनी लिहिलं होतं, "अग्रगण्य म्हंजे काय? जिल्ह्यात दुसरा केंद्र खंय आसा? एकटोच धावलो नि पयलो इलो!"

त्याखाली परत गुरुजीच. "आणि सुसज्ज? मुलांच्या खोलीतलो पंखो गणपतीपासून फिरना नाय."

यावर खजिनदार धावले. "पंख्याचा माका कोणी सांगलला?"

"मीटिंगीत सांगलला. तेव्हा तुमी डुलक्या काढी होतात."

दुपारपर्यंत पंख्यावरून निघालेलं भांडण बाथरूमच्या कडीपर्यंत पोचलं होतं. आमच्याकडे हे असंच चालतं. मीटिंग म्हणजे एकमेकांची सालं काढायची आणि मग चहा प्यायचा. कचेरीत गेलं की हीच माणसं शुद्ध मराठीत 'महोदय' म्हणतात. पण फोनवरची ती साइट त्यांना कचेरी वाटलीच नाही, केंद्राची पडवी वाटली. कोटातली अनोळखी माणसं खाली हसत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पायात चपला सरकवल्या आणि तडक गुरुजींचं घर गाठलं.

ते अंगणात बसून काजूच्या बोंडांच्या बिया पिळून काढत होते.

"गुरुजी, जगासमोर आब्रू घालवलात माजी!"

"बस गो. पाणी पी आदी." त्यांनी हात पुसले. "बारशाक पोराक नटवतंव आणि मगे गालार काजळाची तीट लावतंव. कित्याक?"

"दृष्ट लागा नये म्हणान."

"मगे? तुजी पोस्ट नवरीसारखी नटलेली. मी तिका तीट लावलंय."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी शेजारच्या घराकडे बोट केलं. "थंय सून इली. विहिरीचा पाणी खारा म्हणान तिका कोणी सांगूक नाय. आठ दिवसांत माहेराक गेली. आदी सांगला असता तर ऱ्हवली असती गो."

मला राग आला तो म्हाताऱ्याचं बरोबर होतं म्हणून. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले आणि हरले. मग ती पोस्ट पुसून नवी लिहिली.

'मुलांच्या खोलीतला पंखा बंद आहे. बाथरूमची कडी लागत नाही. समुद्र केंद्रातून दिसत नाही, चालत जावं लागतं. रात्री रिक्षा मिळेलच असं नाही. अध्यक्ष फटकळ आहेत, सचिव त्यांच्याहून. इथे चार वर्षांची एक मुलगी येते. तिला तीन शब्द येतात. एप्रिलनंतर तिला चौथा कोण शिकवणार, ते आम्हाला माहीत नाही.'

मुलांचे चेहरे आम्ही कुठे दाखवत नाही. म्हणून फोटो लावला तो बंद पंख्याचा. गुरुजींनी खाली एवढंच लिहिलं, "ह्या बरा."

आणि मग बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटावेत तसं झालं. मस्कतमधला कुणी इंजिनियर, कल्याणच्या बँकेतली कुणी बाई, जिथे जिथे आमच्या जिल्ह्याचा माणूस पोटापाण्याला गेला होता तिथून प्रत्येकाने आधी पंख्यावर मत दिलं आणि मग पोस्ट पुढे ढकलली. मस्कतवाल्याने तर वायरिंग कसं तपासायचं तेही लिहिलं. खजिनदारांना इतकी लाज वाटली, की एप्रिल संपायच्या आत त्यांनी पंखा दुरुस्त करून घेतला.

त्याच सुमारास मला एक निरोप आला. मूळची अमरावतीची, पुण्यात एका इस्पितळात काम करणारी एक थेरपिस्ट विचारत होती, "काकू, पंखा झाला का?"

मी लिहिलं, "झाला. कडी नाही झाली."

"कडी मी आणते. त्या मुलीचे तीन शब्द कुठले?"

मी कळवले. ती येणार हे ठरलं, पण हातातली नोकरी सोडून यायला जुलै उजाडणार होता. मधले दोन महिने वाईट गेले, खोटं कशाला सांगू. मी भाचीच्या मदतीने मोबाइलवर धडे दाखवत होते, पण ते काही खरं नव्हे. जूनमध्ये त्या मुलीने 'बस' म्हणणं सोडलं. एसटी समोर येऊन उभी राहायची आणि ही नुसती बघत राहायची. आईने मला नवी बाई कधी येणार हे विचारायचंही सोडलं. 'गावतली' म्हणून छातीठोकपणे सांगणारी मी, तिच्या नजरेला नजर देताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

थेरपिस्ट कुडाळला गाडीतून उतरली ती खरोखरच पितळी कडी घेऊन. पहिल्याच दिवशी तिने ती बसवून घेतली आणि मगच चहा प्यायली. मी म्हटलं, ही आपल्यातली आहे.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावरची गोष्ट. वर्ग सुटला होता, आई पिशवी भरत होती. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मुलीने मान वळवली, आईच्या पदराला हिसडा दिला आणि म्हणाली, "आये, बस इली."

थेरपिस्ट तिला 'आली' शिकवत होती. 'इली' तिला कोणीच शिकवलं नव्हतं. ते तिने घरात, आपल्या कानांनी ऐकलेलं होतं. आई मटकन खाली बसली. ती बस चुकली, पुढची दीड तासाने होती, आणि कोणालाही त्याचं काही वाटलं नाही. मी तर सगळ्यांसमोर रडले.

संध्याकाळी मी साइटवर तेवढंच लिहिलं, 'तीन शब्दांची मुलगी आज वाक्य बोलली.' अभिनंदनांचा नुसता पाऊस पडला. पण गुरुजींचं काही येईना. मी फोन केला.

"वाचलात?"

"वाचलंय गो," ते म्हणाले. "आज माका खोट काडूक जमना नाय."

फोन ठेवला आणि मला भीती वाटली. इतकं चांगलं, इतक्या लोकांसमोर, असं उघडं टाकून ठेवायचं? मी परत साइट उघडली आणि माझ्याच पोस्टीखाली लिहिलं, 'मुलांच्या खोलीतला पंखा अजून बंदच आहे.'

पंखा एप्रिलपासून गरगर फिरत होता.