दाबून धरलेलं बटण

दातवाल्या बाईंना बोलायला कुणी शिकवायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं त्या बोलत आल्या होत्या आणि खुर्चीतला पेशंट आ वासून निमूट ऐकत आला होता. पण पन्नाशी उलटल्यावर त्या विमान चालवायला शिकल्या आणि रेडिओने त्यांची पार बोबडी वळवली.

त्या छोट्या विमानतळावर उतरायची परवानगी देणारं कुणी नव्हतं. आपण कुठे आहोत, कुठल्या टोकाकडून उतरतोय, हे ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकून सांभाळून घ्यायचं. ऑफिसातली ताई तेवढी वाऱ्याची दिशा सांगे. बाई एरवी विमान लोण्यासारखं उतरवत, पण बोलायची वेळ आली की त-त-प-प. कधी रेडिओचं बटण दाबायच्या आधीच बोलायला लागत, कधी डाव्याचं उजवं करत.

"बाई, आधी ऐका, मग दाबा, मग बोला," त्यांना शिकवणारे कॅप्टन सांगत. आवाज चढवत नसत, पण बाई पुन्हा आधी बोलून मोकळ्या होत.

लायसन्स मिळून चार महिने झाले, तेव्हा एका रविवारी सकाळी त्यांचा नवरा विमानात बसायला तयार झाला. निवृत्त चित्रकला शिक्षक. स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही भिंत धरणारा माणूस.

"अहो, एकच करा. कशाला म्हणजे कशालाही हात लावू नका."

"मी कशाला लावतोय!"

विमान वर गेलं. नवऱ्याने डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही. बाईंना धीर आला. त्या सांगायला लागल्या. ही नदी, ती वीटभट्टी, आता वळायचं, वळताना आधी बाहेर बघायचं, उतरायच्या आधी इतक्या उंचीवर यायचं. सगळं कसं ओळीने, न अडखळता. हेडफोनमध्ये त्या दोघांखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

"आज आकाशात चिटपाखरू नाही," त्या खुशीत म्हणाल्या.

"मग बरंच की. तुला रेडिओवर बोलायचं दडपण येतं ना?"

बाईंनी एकदा बाहेर बघून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. तीन रविवारांपूर्वी मी घोळ घातला. धावपट्टीच्या दोन टोकांना दोन आकडे असतात, नऊ आणि सत्तावीस. मी 'नऊ' म्हणाले आणि उतरले सत्तावीसकडून. कुणी समोरून येत असतं, तर त्याने मला भलत्याच टोकाला शोधलं असतं. नशीब, विमानतळ रिकामा होता. कॅप्टनना सांगायची हिंमतच झाली नाही."

नवरा खाली नदीकडे बघत म्हणाला, "आणि मी रविवारी दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडतो ना, तेव्हा झोपत नाही. तुझी गाडी फाटकात वाजेपर्यंत जागाच असतो."

"इतक्या दिवसांत बोलला नाहीत कधी!"

"तू उडायचं सोडशील म्हणून."

बाईंनी विमान धावपट्टीकडे वळवलं. त्यांनी उतरायची तयारी केली, बटण दाबलं, आपली जागा सांगितली आणि वाऱ्याची वाट पाहिली. ताई काही बोलेना. पुन्हा सांगितलं. तरी शांतता. आता मात्र त्यांना शंका आली. रेडिओकडे पाहिलं, तर बोलताना लागणारा लाल दिवा भगभगीत जळत होता आणि त्यांचं बोट तर बटणावर नव्हतं.

"अहो, तुमच्या हातात काय आहे?"

नवऱ्याच्या मुठीत वायरला लोंबकळणारं काळं बटण होतं. शिकवताना कॅप्टन उजव्या बाजूला बसत, त्यांच्यासाठीचं.

"हे नुसतं लोंबत होतं. म्हटलं, याने काय बिघडणार?"

"सोडा आधी ते!"

दाबलेल्या बटणाने विमानातलं सगळं बोलणं बाहेर जात होतं आणि बाहेरचं काही आत येत नव्हतं. मूठ सुटली आणि हेडफोन भरून गेला. पहिला आवाज शेतांवर फवारणी करणाऱ्या वैमानिक काकांचा.

"बाई, आता आम्ही बोललो तर चालेल का? नऊ मिनिटं झाली. मी नदीच्या पलीकडे घिरट्या घालतोय. तुम्ही उतरा, मी मागून येतो."

मग ताईने वारा सांगितला. बाई नीट ऐकून, नीट बोलून सत्तावीसकडून उतरल्या.

कॅप्टन ऑफिसच्या दारात उभे होते. काकाही मागोमाग आले. बाई सरळ काकांसमोर जाऊन म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला वर लटकून राहावं लागलं. लाल दिवा मी बघायला हवा होता."

"हो, हवा होता," काका म्हणाले. "पेट्रोल पुरेसं होतं म्हणून बरं. नसतं, तर ओरडून सांगायचीही सोय नव्हती." बाईंनी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, "मी एकदा इथे उतरताना भलत्याच विमानतळाचं नाव घेत होतो. तिथली माणसं मला आभाळात शोधत बसली."

नवरा कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. ताईने त्याला खुर्ची दिली.

कॅप्टन बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "नऊ-सत्तावीसचं तेव्हाच सांगायचं होतंत. चूक झाली की लगेच 'चुकलं, सुधारून सांगते' म्हणायचं, एवढंच असतं. पोटात ठेवलं की त्याची भीती होते." मग म्हणाले, "आणि शेजारी माणूस बसला की तुम्ही इतकं छान सांगता, हे मला माहीत नव्हतं. रेडिओवरही माणसंच ऐकत असतात, परीक्षक नव्हे."

"आता एक चक्कर एकटीने मारून येऊ?"

"या. आम्ही ऐकतोय."

तिसऱ्या वळणावर बाईंची जीभ घसरलीच. 'डावीकडे'च्या जागी 'उजवीकडे' निघून गेलं. त्यांनी बटण न सोडता श्वास घेतला. "चुकलं, सुधारून सांगते. डावीकडे वळतेय, सत्तावीस."

"ऐकलं," ताईचा आवाज आला. "वारा समोरून आहे. या."