हीनानोनं डोंगर सोडला

माझी वहिनी हीनानो लग्नाआधीपासून किलाउएआच्या ज्वालामुखी पार्कात कामाला होती. शाळेच्या सहली आल्या की विवराच्या कडेला उभी राहून ती पेलेची गाणी म्हणायची. पेले ही ज्वालामुखीची देवी खरी, पण हीनानोच्या माहेरी तिला आजी म्हणतात. माझा भाऊ लोपाका थट्टा करायचा, "तुझी आजी उठली की पहिली आपल्याच दारात येणार."

तसंच झालं. वस्तीतल्या रस्त्याला भेग पडली आणि लाव्हा घरांकडे सरकू लागला. जो तो पत्रे, खिडक्या, फ्रीज काढून गाडीत भरत होता. लोपाकाच्या शेडमध्ये एक होडी होती. आमच्या वडिलांनी अर्धी कोरून ठेवलेली, त्यानं पुरी करत आणलेली. "शेडच्या दारातलं सामान बाजूला कर, मी ट्रेलर घेऊन येतो," असं हीनानोला सांगून तो गेला. परतला तेव्हा शेडपुढचं सामान तसंच होतं आणि ही घर झाडत होती. जमीन पुसलेली, टेबलावर फुलांचा हार, ताटात मासा आणि अळूच्या कंदाची मऊ पोई. आजी येणार तर घर स्वच्छ हवं, अशी त्यांच्याकडची रीत. दोघं सामान ओढू लागली, तोवर शेजारचं घर पेटलं आणि पोलिसांनी त्यांना हाकललं. होडी शेडमध्येच राहिली आणि घरासकट लाव्हाखाली गेली.

"तू तिला जेवायला वाढत होतीस," लोपाका गाडीत एवढंच म्हणाला.

"तिचंच होतं, तिनं नेलं," ही म्हणाली. हे वाक्य तिनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

लोपाका माझ्याकडे होनाउनाउला आला. ती डोंगरावरच, मावशीकडे राहिली. आमच्या घराजवळ एक जुनं शरणस्थान आहे. पूर्वी धर्माचा निर्बंध मोडलेला माणूस जिवाच्या आकांतानं पळत, पोहत तिथल्या दगडी भिंतीआड पोचला, तर पुजारी त्याला शुद्ध करून घरी पाठवायचे. मग त्याला कुणी हात लावायचं नाही. लोपाका तिथं झोपड्यांची छपरं शाकारू लागला. पुढं तिथंच पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्याची जागा निघाली आणि हीनानोला विचारणा झाली.

एका रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"वन्सं, डोंगर सोडला तर मी आजीला टाकलं असं माहेरचे म्हणतील."

"आणि नाही सोडलास तर?"

"तर तुमच्या भावाला टाकलं."

"त्यानं बोलावलंय का तुला?"

"म्हणाला, जागा रिकामी आहे. बस."

"मग पुष्कळ बोलला की. आमच्याकडचे पुरुष असंच बोलावतात."

ती हसली नाही. मावशीनं तिला आधीच टोमणा मारला होता, "भिंतीआड लपायला चाललीस का?" आणि ती म्हणाली होती, "हो."

ती आली. त्याच आठवड्यात विवर पुन्हा पेटलं. अख्खं बेट गाड्या काढून पाहायला धावलं. हीनानो कामावर गेली.

काही दिवसांनी एका पाहुणीनं तिला विचारलं, "गुन्हेगार सुटला, ठीक. पण ज्याचं नुकसान झालं, त्यानं काय करायचं?"

वरून, छपरावरून लोपाका म्हणाला, "त्यानं गप्प बसायचं."

सगळे हसले. ती दोघं सोडून.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आज मी नको ते बोललो."

"खरं तेच बोललास," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

आता दोघं माझ्या मागच्या खोलीत राहतात. भांडत नाहीत. होडीचं नाव निघत नाही. त्यानं पुन्हा तासणीला हात लावलेला नाही, आणि तिनं गाणं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. परवा भांडी विसळताना तिनं मला विचारलं, "वन्सं, शुद्ध होऊन घरी गेलेल्या माणसाशी घरचे पहिल्यासारखे बोलत असतील का हो?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.