वरईसोबत काय? नौपाडा ते मोहने, व्हाया दुर्गाडी

ही गोष्ट नवरात्रातली आहे, आणि आता दिवाळीचा चिवडासुद्धा डब्याच्या तळाला लागलाय. इतके दिवस लिहिलं नाही, कारण आळस. आणि थोडी लाज. दोनदा लिहायला बसलेलो. दोन्ही वेळा ‘बटाटा मूळचा कुठला’ हे बघता बघता पेरू देशाच्या डोंगरात गेलो आणि तिथून परत आलोच नाही. आज लिहितोच.

मी डोंबिवलीचा. बारावीनंतर कॉलेजने आणि मी एकमेकांचा नाद सोडला. माझं सगळं सामान्य ज्ञान मोबाइलवरचं. कुठला देश कुठे, कुठली भाजी कुठून आली, बटणाचा शोध कुणी लावला. मी सांगायला लागलो की मित्र चहाचे पैसे द्यायला उठतात. ऐकून घेणारी एकच, माझी ठाण्याच्या नौपाड्यातली आत्या. पोस्टातून रिटायर झालेली, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारी.

दुसऱ्या माळेला मी तिच्याकडे गेलेलो. आत्या नऊ दिवस उपास धरते. समोर साबुदाण्याची खिचडी होती, आणि माझं तोंड सुटलं. “आत्या, तुला माहितीये? साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, तो ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला. दाणे, मिरची, बटाटा, रताळं, राजगिरा, सगळं तिकडचं.”

आत्याने चमचा खाली ठेवला. “नक्की?”

“नक्की. दहा ठिकाणी वाचलंय.”

“म्हणजे त्याआधी आपल्या बायका उपासाला हे खातच नव्हत्या. मग मी का खातेय?”

खिचडीची वाटी वहिनीकडे, म्हणजे तिच्या सुनेकडे, गेली. तेव्हापासून आत्या दूध आणि केळी. चहा मात्र सोडला नाही. “आसाम आपलाच ना?” “आपलाच.” “झालं तर.”

आम्ही हसलो. पण चौथ्या माळेला टेंभी नाक्याच्या देवीला जाताना आत्या विजेचा खांब धरून उभी राहिली. चक्कर. बीपीची गोळी तिला जेवण झाल्यावरच चालते, आणि जेवणच नाही. मी म्हटलं, वरई आपली आहे, अगदी इथलीच. वहिनीने लगेच शिजवली. पण वरईवर ओतायची ती दाण्याची आमटी, त्यात मिरची! नुसती वरई घशाखाली उतरेना. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला ताट सारलं.

“आई, देवी काही म्हणणार नाही हो,” वहिनी.

“देवी नाही म्हणणार. पण खरं कळल्यावर न कळल्यासारखं कसं करायचं?”

वहिनी माझ्याकडे वळली. “भाऊजी, तुम्ही लावलंत, तुम्हीच निस्तरा.”

रात्री आत्याकडेच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. डोक्यात करांदे होते. रानातला कंद, अगदी इथला, उकडून मीठ लावून खातात. कल्याणला मुरबाडकडच्या बायका विकायला बसतात एवढं माहीत होतं.

कुणाला जायचं असेल तर सातच्या आत ठाणे सोडा. माजिवडा, नाशिक हायवे, रांजनोली नाका, कोनगाव, मग दुर्गाडीचा पूल. उशीर केलात तर ट्रकच्या मागे धूळ खाल. कोनगावात मी वडापाव खाल्ला. अर्धा संपल्यावर लक्षात आलं: बटाटा, मिरची, पाव, तिन्ही पोर्तुगीजांची कृपा. बेसनाचं मी मुद्दाम शोधलं नाही.

दुर्गाडीवर फक्त पाच मिनिटं थांबणार होतो. किल्ल्यावर देवी, खाली जत्रा, आकाशपाळणे, पिपाण्या. गाडी लांब लावा, जवळ जागा मिळत नाही. वरून खाडी दिसते. शिवकाळात आरमाराची गलबतं इथे बांधली. त्याच्याही फार आधी कल्याण मोठं बंदर होतं, लांबलांबची जहाजं लागायची. काय काय उतरलं असेल इथे, याचा विचार करत बसलो तर एक तास गेला. वहिनीचा फोन आला तेव्हा जागा झालो.

“मिळालं का काही?”

“पोचतोय.”

“आई आज देवघरातसुद्धा खुर्चीवर बसल्यात.”

त्यानंतर मी कुठेही थांबलो नाही.

कल्याणच्या बाजारात रस्त्याच्या कडेला एक आजी हिरव्या शिंगाड्यांचा ढीग लावून बसलेल्या. करांदे विचारले तर हसल्याच. “आता कुठं करांदं? येलावर बोटायेवढं हाईत. दिवाली जाऊंदे.”

“आत्याला उपास आहे हो. बाकी काही खात नाही ती.”

“कां? दात नाय?”

“दात आहेत. मी सांगितलं, हे सगळं परदेशी आहे.”

“आन तिनं आयकलं?” आजींनी शेजारणीला हाक मारली. “ए, ह्याचं कोन आयकतं बघ गो!”

अर्धा किलो शिंगाडे घेतले. पण शिंगाड्यांनी आमटीचा प्रश्न सुटत नव्हता. हात हलवत परत जायची हिंमत नव्हती, म्हणून मोहन्याला प्रशिकच्या घरी गेलो. प्रशिक माझा मित्र. त्याची आई, सुनंदामावशी, तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली दोन बॅगा भरून ठेवलेल्या. दसऱ्याला नागपूर. मावशीने आधी भाकरी वाढली, मग माझं ऐकलं.

“वरई नौपाड्यात मिळत नाही?”

“मिळते.”

“नारळ?”

“मिळतो.”

“मग मोहन्याला काय घ्यायला आलास?”

मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात घातला.

“आम्ही उपास धरत नाय. पण कँटीनला उपासवाल्यांचं ताट माझ्याकडे होतं. ज्यांना दाण्यानं पित्त व्हायचं त्यांना मी नारळाची आमटी करायचे. लिही.”

“राहील लक्षात.”

“तुझ्या लक्षात काय राहतं ते प्रशिकनं सांगितलंय. लिही!”

लिहिलं. तुम्हीही लिहा. तुपात जिऱ्याची फोडणी, आलं, आमसुलाचं पाणी, सैंधव, भरपूर मिरपूड. चमचाभर शिंगाड्याचं पीठ पाण्यात कालवून लावायचं आणि शिजू द्यायचं. नारळाचं दूध शेवटी. ते घातल्यावर उकळी नको, फाटतं.

परतीला कल्याण-शीळ रोड धरला. डोंबिवलीत आईच्या बरणीतली मूठभर आमसुलं घेतली. मग शीळफाटा, मुंब्रा, कळवा करत दिवेलागणीला नौपाड्यात. आमटी मीच केली. वहिनी शेजारी हाताची घडी घालून उभी.

आत्याने ताट पुढे ओढलं आणि एकेक विचारायला लागली.

“नारळ?”

“किनाऱ्यावरचा, आपला.”

“मिरी?”

“केरळ.”

“आमसूल?”

“कोकण. आईची बरणी.”

“जिरं?”

अडकलो. जिरं कुठलं ते मला माहीत होतं. आत्याच्या मागून वहिनी डोळे मोठे करून मान हलवत होती, बोलू नका म्हणून. एक शब्द, ‘आपलं’, आणि आत्या जेवली असती.

“बाहेरचं आहे, आत्या. पश्चिमेकडून आलंय. पण फार फार आधी.”

वहिनीने कपाळावर हात मारला. आत्या माझ्याकडे वळली.

“किती आधी?”

“नक्की नाही माहीत.”

“हे पहिल्यांदा ऐकतेय तुझ्या तोंडून.” मग म्हणाली, “किती वर्षं राहिलं की घरचं धरायचं, हे आहे का तुझ्या मोबाइलमध्ये?”

“नाही.”

“मग वाढ.”

दोनदा वाढून घेतली. गोळी घेतली. मी हळूच विचारलं, “मग बटाटा?”

“त्याचं दसऱ्यानंतर बघू.”

नववी माळ नीट पार पडली.

पेट्रोल, शिंगाडे, वडापाव धरून खर्च फार नाही झाला, आणि जाऊन आणलं काय तर वहीचं एक पान. पण तेव्हापासून ‘तुला माहितीये?’ म्हणायच्या आधी मी जरा थांबतो. आजवर वाटायचं, आपण सांगतो ते वाऱ्यावर जातं. समोरचं माणूस चमचा खाली ठेवू शकतं, हे नव्हतं माहीत.

हे लिहीत होतो तेवढ्यात वहिनीचा फोन. “भाऊजी, तुमच्या सुनंदामावशी आल्यात. एकट्याच. प्रशिककडून पत्ता घेतला म्हणे. आईंनी दारातच हात धरला, बाहेर बसूसुद्धा दिलं नाही. दोघी आत स्वयंपाकघरात आहेत, आणि मला म्हणाल्या, तू जरा बाहेर थांब.”

“मला बोलावलंय का?”

“नाही.”

स्कूटर काढतोय.